अडकित्त्याची आखूड गोळी

आत्याचा आणि माझा करार सोपा आहे. वाचायचं मी, बोलायचं तिनं.

माझी शाळा परभणीतली, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे औषधाची बाटली असो की फवारणीच्या पंपाबरोबर आलेलं पुस्तक, इंग्रजी अक्षर दिसलं की ते घरात माझ्याकडे सरकवलं जातं. पण वाचलेलं चार लोकांसमोर सांगायची वेळ आली की मी कोणाच्या तरी मागे उभी राहते. अनोळखी माणसांपुढे माझं मराठी शाळेतल्या निबंधासारखं होतं, आणि त्याला लोक हसतात हे मला दिसतं. आत्याचं उलटं आहे. ती झरी गावाच्या बाहेर शेतातल्या घरात राहते, आमच्याकडे त्याला आखाडा म्हणतात. स्वतः शेती बघते आणि बैलबाजारातल्या दलालापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी एकाच आवाजात बोलते. इंग्रजी अक्षर मात्र तिला वाचता येत नाही. म्हणून आमची जोडी जमली.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांच्याकडे एक जुनं, छोटं रिव्हॉल्वर होतं. मामा गेल्यावर नियमाप्रमाणे ते परभणीच्या बंदुकीच्या दुकानात जमा झालं, आणि आत्यानं स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज केला. लोकांना वाटलं, चार चकरा मारून थकेल. ती थकली नाही. यंदा हरभऱ्याला घाटे लागले त्या सुमारास परवाना आला, तिच्या नावाचा, तिच्या फोटोचा.

ते घरी आलं त्या दिवशी मी आखाड्यावरच होते. आत्यानं फडकं सोडलं आणि मला खरं तर हसू आलं. माझ्या डोक्यात सिनेमातलं लांब नळीचं काहीतरी होतं. हे तिच्या तळहातात मावत होतं. आखूड नळी, गोळ्यांसाठी पाच घरं, मुठीवरचं काळं आवरण एका कोपऱ्यात उडालेलं. वरची खिट्टी उचलली की ते कमरेत मोडायचं, नळी पुढे झुकायची आणि घरं उघडी पडायची.

"अडकित्ता हाय निस्ता," आत्या म्हणाली. "तुझे मामा याला अडकित्ताच म्हनायचे. सुपारी खायची सवय ना, त्यांना सगळीकडं त्येच दिसायचं."

तेव्हापासून आम्हीही त्याला अडकित्ताच म्हणतो.

आत्याचे दीर गावात राहतात. माणूस वाईट नाही. पेरणीला स्वतःचा ट्रॅक्टर आधी वहिनीच्या रानात घालतात. पण भावाचं रिव्हॉल्वर आपल्याकडे यावं असं त्यांना फार वर्षं वाटत होतं, आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती. परवाना आला तेव्हा ते म्हणाले, वैनी, कागद आला, चांगलं झालं, पण चालवणार कोण?

म्हणून आत्या रविवारी मला घेऊन सुभेदार साहेबांकडे गेली. ते फौजेतून निवृत्त झालेले. गावाबाहेर त्यांचं परवाना असलेलं नेमबाजीचं केंद्र आहे: एक पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, बांधाला लावलेले कागद. आत्यानं मामांच्या तंबाखूच्या डबीत राहिलेली काडतुसं बरोबर नेली होती. साहेबांनी डबी उघडली, एक काडतूस बोटांत फिरवलं आणि तसंच परत ठेवलं. पितळेवर हिरवट बुरा चढला होता. ही चालवायची नाहीत, मी दुकानात परत देतो, ते म्हणाले. मग त्यांनी अडकित्ता हातात घेतला. खिट्टी घट्ट बसते का पाहिलं, घरं एकेक करून नळीसमोर बरोबर येतात का पाहिलं, नळीतून आभाळाकडे बघितलं. नळीखालचा एक बारीक शिक्काही त्यांनी मला दाखवला. पूर्वी काळी दारू असायची, धुराची. नवी दारू जोरात पेटते. नव्या दारूवर चाचणी घेतलेली असली तरच असा शिक्का मारतात. हा आहे, म्हणजे वस्तू चांगली आहे, नवी काडतुसं आणा.

मी त्या शिक्क्याचा आणि नळीवरच्या अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढला. का काढला ते तेव्हा सांगता आलं नसतं. अक्षरं मुंगीएवढी होती आणि मला ती वाचायची होती.

दीर तिथं होतेच. काडतुसं परत गेलेली बघून त्यांनी सगळ्यांसमोर शेवटचं बोलून घेतलं.

"वैनी, येत्या रविवारी हे वाजलं तर तुमचं. मी पुन्हा नाव काढनार न्हाई. न्हाई वाजलं तर सोमवारी मी गाडी घिऊन येतो. जमा करू, आन् मग माज्या नावावर अर्ज टाकू."

आत्या बरं म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला धडकी भरली. तिनं शब्द दिला की तो ती पाळते.

त्या आठवड्यात मी वाचत सुटले. मला कधी वाटलं नव्हतं की मला अशा विषयाचं वेड लागेल. जेवताना, गच्चीवर, कपडे वाळत घालताना, हातात मोबाईल. मला कळलं की बत्तीस हे एका काडतुसाचं नाव नाही, ते एक अख्खं घराणं आहे. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं. रिव्हॉल्वरच्या बत्तीसमध्ये दोन भाऊ, एक आखूड आणि एक लांबट. लांबट्याच्या नावापुढे लाँग हा शब्द लावतात. दोघांची जाडी सारखी, बूड सारखं. फरक पितळी कवचाच्या उंचीचा आणि आतल्या जोराचा. मी फोटो मोठा करून करून नळीवरची ओळ वाचली. बत्तीसचा आकडा होता, बनवणाऱ्याची आद्याक्षरं होती, काडतूस या शब्दाचं छोटं रूप होतं. लाँग नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

गुरुवारी आम्ही परभणीच्या दुकानात गेलो. दिरांनी गाडीतून नेलं. वाटेत मी आत्याला हे सांगणार होते, पण पुढच्या सीटवरून दीर सगळ्या रस्त्याला बोलत होते आणि मला मध्ये जागाच सापडली नाही.

दुकानदार ओळखीचे. त्यांनी चहा मागवला, परवाना पाहिला आणि कपाटातून नवी डबी काढली. डबीच्या झाकणावर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं: लाँग.

"लाँगच द्या," दीर म्हणाले. "शॉर्ट-बिर्ट नगं. लाँग म्हंजे लांब जाती. आखाड्यावरून सुटली की पार नाल्यापातूर गेली पायजे."

ते हे इतक्या खात्रीनं म्हणाले की दुकानदारांनी नुसती मान हलवली. लाँग म्हणजे लांब, लांब म्हणजे दूर. आमच्या बोलीत लांबचं गाव असतं, लांबचा पाहुणा असतो. लांब गोळी दूर जाणार नाही तर कुठे जाणार? मला तेव्हा कळलं की त्या दुकानात लाँगचा दुसरा अर्थ फक्त माझ्याकडे आहे, आणि माझं तोंड बंद आहे.

दुकानदारांनी अडकित्ता उघडला आणि एक काडतूस घरात सोडलं. ते अगदी सहज आत गेलं. टक् असा आवाज झाला. बूड बरोबर टेकलं.

"बसलं की," ते म्हणाले.

"बसलं," दीर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा थोडा पडलेला मला दिसला. आत्या हसली. तिनं पिशवीत हात घातला.

मी काउंटरच्या काचेजवळ वाकून पाहत होते. गोळीचं शिशाचं नाक घराच्या पुढच्या तोंडाशी आलं होतं. आत जागाच उरली नव्हती. मी आत्याच्या पदराला हात लावला आणि तिच्या कानाशी सांगितलं की नळीवर लाँग लिहिलेलं नाही.

"मोठ्यानं बोल," आत्या मागे न वळता म्हणाली. "मला सांगून काय करती माय? दुकान माजं हाय का?"

तिनं करार मोडला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी बोलले. निबंधासारखंच बोलले.

"यावर लाँग असा शब्द नाही. हे आखूड काडतुसासाठी तयार केलेलं आहे. लाँग यात वापरणं योग्य नाही."

दीर हसले. "इंग्रजी शाळेत बंदुका बी शिकवायलेत का गं?"

दुकानदार समजुतीनं म्हणाले की ताई, परवान्यावर बत्तीस आहे, डबीवर बत्तीस आहे, आणि बसतंय तर डोळ्यांसमोर. ते चिडले नव्हते. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस लाँगच नेतो, कारण आपल्याकडे लाँगच बनतं. दुसरं कोणी मागतच नाही.

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात आत्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून काचेवर ठेवला. त्यात एक रिकामं पितळ अडकवलेलं होतं. मी ते लहानपणापासून बघत आले होते. ते फुंकलं की शिट्टीसारखं वाजतं, आणि मामा मला ते वाजवून दाखवायचे. हे याच अडकित्त्यातून उडालेलं काडतूस आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

आत्यानं ते पितळ डबीतल्या नव्या काडतुसाच्या शेजारी उभं केलं. नवं पितळ त्याच्यापेक्षा चांगलं हरभऱ्याच्या दाण्याएवढं जास्त उंच होतं, वरची गोळी वेगळीच.

"जुनं झालंय ना ते," दीर म्हणाले.

"पितळ काय तुरीची शेंग हाय व्हय भावजी, वाळून आखडायला?"

पहिले हसले ते दुकानदार. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी घरातलं काडतूस काढून डबीत ठेवलं आणि सुभेदार साहेबांना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बसतंय म्हणजे चालतंय असं नाही," ते म्हणाले. "जुन्यात काहींची घरं आरपार सरळ पाडलेली असतात, म्हणून लाँग आत जातं. पण त्याचा जोर याच्या अंगाला झेपायचा नाही. लाँगच्या रिव्हॉल्वरमध्ये आखूड चालेल. आखूडच्या रिव्हॉल्वरमध्ये लाँग कधीच नाही. बाईंचा हात गेला असता." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोणी पाहिलं हे?"

"भाची हाय माजी," आत्या म्हणाली.

दुकानदारांनी डबी कपाटात परत ठेवली, आणि मला वाटलेला आनंद त्या डबीबरोबरच आत गेला. कारण आखूड त्यांच्याकडे नव्हतं. कित्येक वर्षांत आलं नव्हतं. कुठं मिळेल तेही ते सांगू शकले नाहीत. दिरांनी गाडीची किल्ली बोटावर फिरवली. झालं मग, सोमवारी येतो, असं त्यांनी म्हटलं नाही, पण रस्ताभर ते खुशीत होते.

मी आत्याकडे बघायचं टाळत होते. मी बोलले नसते तर तिच्या पिशवीत डबी असती. आणि रविवारी तिचा हात. दोन्ही एकदम डोक्यात फिरत होतं. आखाड्यावर उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "तूच वाचलंस. आता तूच हुडक."

मी फोनवर रिक्षावाल्याशीसुद्धा धड बोलत नाही. त्या दिवशी मी बंदुकीच्या दुकानांना फोन लावत सुटले. आधी वाक्य मनात जुळवायचे, मग नंबर दाबायचे. प्रत्येक ठिकाणी तेच. बत्तीस? आहे ना ताई, लाँग आहे. मी म्हणायचे, लाँग नको, आखूड. मग कोणी विचारायचं, कोणाला पाहिजे, घरात मोठं माणूस आहे का? एकानं मला लाँग घेऊन थोडं कापून घ्यायचा सल्ला दिला. त्याला मी काय म्हणाले ते आठवत नाही, पण आत्या चुलीपासून उठून माझ्याकडे बघायला आली होती. आवाज चढला असणार.

शुक्रवारी दुपारी सेलूच्या एका दुकानात एका म्हाताऱ्या माणसानं फोन उचलला. मी सांगितलं. ते म्हणाले, लाँग नको म्हणता? थांबा हां. मला फडताळ उघडल्याचा आवाज आला, कोणाला तरी शिडी धर म्हणाल्याचा आवाज आला. मग ते परत आले.

"एक डबी हाय. बाहेरच्या देशातली हाय, सीलबंद. कोनी विचारीत न्हाई म्हणून राह्यलीय. पन फोनवर देत नसतो मी. परवाना आना, वस्तूची निशानी आना."

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही सेलूला गेलो. अडकित्ता कपाटात कुलपात ठेवून गेलो, निशाणी माझ्या मोबाईलमध्ये होती. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यातून वाट काढत आत्या इतकी भरभर चालत होती की मी मागे पडत होते.

दुकानदारांनी काडतुसांऐवजी आधी आम्हालाच तपासलं. परवाना पाहिला. मग वस्तू कोणत्या दारूची आहे ते विचारलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तेव्हा मी शिक्क्याचा फोटो मोठा करून दाखवला, साहेबांनी सांगितलेलं सांगितलं, आणि नळीवरची ओळ अक्षर अक्षर वाचून दाखवली. त्यांनी डबी समोर ठेवली. मेणकागदात गुंडाळलेली होती, कडेचा कागद कुठेही सुटलेला नव्हता. झाकणावर बत्तीस. तीच आद्याक्षरं. त्यांच्यापुढे रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेवर मी बोट ठेवलं. "नाही," मी म्हणाले. "लाँग नाही."

"न्हाईच," दुकानदार म्हणाले, आणि त्यांनाही आनंद झालेला दिसला. इतकी वर्षं न खपलेल्या डबीला तिचं घर सापडलं होतं.

त्यांनी एक काडतूस काढून आत्याच्या हातावर ठेवलं. पितळ नव्या भांड्यासारखं लखलखीत होतं. आत्यानं जुडग्यातलं रिकामं पितळ त्याच्याशी लावलं. गोळीच्या खाली दोन्ही सारखी. तिनं ते पितळ एकदा फुंकलं, शिट्टी वाजली, आणि दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकलं.

रविवारी दीर आमच्याआधी केंद्रावर हजर होते, धुतलेले कपडे घालून. साहेबांनी आत्याला बाजूला बसवलं. पहिली गोळी त्यांनी अडकित्ता वाळूच्या पिशव्यांमध्ये दाबून, दोरी बांधून, लांबून उडवली. मला वाटलं होतं कानठळ्या बसतील. फटाक्यापेक्षा थोडा जाड आवाज आला, इतकंच. त्यांनी अडकित्ता कमरेत उघडून सगळी जोडणी तपासली, रिकामं पितळ उजेडात फिरवून पाहिलं. कुठे फुगलेलं नाही, चिरलेलं नाही. या बाई, ते म्हणाले.

आत्यानं पदर खोचला. कानांवर ते आवाज अडवणारे मोठे गोल लावल्यावर ती जरा विचित्र दिसत होती, आणि तिला ते माहीत होतं, कारण तिनं माझ्याकडे बघून डोळे वटारले. मग तिनं दोन्ही हातांनी अडकित्ता धरला. साहेब मागून काहीतरी सांगत होते. ती हलली नाही.

आवाज झाला. समोरच्या कागदाला खालच्या बाजूला भोक पडलं. आत्यानं श्वास सोडला, पुन्हा धरला. दुसरं भोक वर गेलं. तिसरं मधल्या गोलाच्या कडेला. मी ओरडले. खरंच ओरडले, शेडमध्ये, सगळ्यांसमोर, आणि कोणी वळून पाहिलं की नाही याचं मला काही वाटलं नाही.

साहेबांनी कागद काढून आत्याच्या हातात दिला. दीर पुढे आले. त्यांनी कागद पाहिला, मग मातीच्या बांधाकडे पाहिलं.

"पन वैनी, लांब गेली का ती?"

"जितं पाठवली तितं गेली, भावजी."

जेवायला सगळे आखाड्यावर आले. जेवण झाल्यावर आत्यानं आधी अडकित्ता लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली जुडग्यात घातली, जुडगा कमरेला खोचला. मग आतून मामांचा सुपारीचा अडकित्ता आणला. तो मोराच्या आकाराचा आहे, पितळी. तिनं सुपारी कातरली, दिरांच्या हातावर ठेवली आणि अडकित्ताही त्यांच्यापुढे सरकवला.

"उद्या गाडी आनू नगा," ती म्हणाली. "अडकित्ता पायजे व्हता ना तुमाला? हा न्या. भावाचाच हाय."

दीर थोडा वेळ तो उघडत मिटत बसले. मग त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं की त्यांच्या नव्या फवारणी पंपाचं पुस्तक इंग्रजीत आहे, ते कधी वाचून दाखवशील. मी म्हणाले, उद्या या. आत्या माझ्याकडे बघत राहिली, कारण ते तिच्याऐवजी मीच म्हणाले होते.